शून्य अंतरावरचा फरक

जलनकाशा मंडळाकडे सॉफ्टवेअरची तीन स्थळं सांगून आली, आणि त्यांतलं एक पसंत करायचं काम यामिनी ढोबळेवर पडलं. हसू नका, हल्ली यंत्रांचंही तसंच असतं. कुणी रूप दाखवतं, कुणी गुण सांगतं, आणि खरं काय ते घरात आल्यावर कळतं.

पहिलं स्थळ परदेशी होतं. ते चालू केल्याबरोबर कचेरीतले सगळे पंखे बंद पडले, एवढी वीज त्यानं ओढली. त्याला चहासुद्धा न विचारता परत पाठवलं.

दुसरं म्हणजे एक जुना प्रोग्राम. कुण्या निवृत्त प्राध्यापकानं एकट्यानं लिहिलेला, करड्या पडद्याचा. स्वतःहून काडी हलवत नसे, उलट पावलोपावली हरकत घेई. ही जोडी पाहिलीत का? हा आकडा पटतो का? पुन्हा विचार करा. कचेरीत त्याचं नाव पडलं मामंजी. एका बड्या साहेबाच्या गावाचा नकाशा मनासारखा काढायला सांगितला, तेव्हा मामंजी म्हणे दिवसभर नुसते खाकरत बसले. प्रोग्राम कसा खाकरेल म्हणाल, तर तिथल्या शिपायाला विचारा. त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

तिसरी सुरेखा. सुरेखा बोलायची, आणि इतकं गोड बोलायची की तिच्याशेजारी ठेवलेला चहा बिनसाखरेचा चालायचा. 'यामिनीताई, तुम्ही दमला असाल, रेघ मी ओढून ठेवते.' डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर काम तयार.

आता ही रेघ कसली, ते समजून घ्या, पुढची सगळी गंमत आणि सगळी फजिती त्या रेघेतच आहे. पाण्यात फ्लोराइड किती, ते मंडळाला पाहायचं होतं. यवतमाळकडच्या खडकात ते असतं, पाण्यात उतरतं. जास्त झालं की लहान मुलांचे नवे येणारे दात डागाळतात, आणि पुढे हाडं धरतात. पण गावातला प्रत्येक पंप तपासायला माणसं नाहीत. मग काही तपासायचे आणि मधल्यांचा अंदाज बांधायचा. त्यासाठी आधी हे कळायला हवं, की दोन पंप एकमेकांपासून किती लांब गेले म्हणजे त्यांची ओळखदेख संपते. म्हणून तपासलेल्या पंपांच्या जोड्या लावायच्या. दोघांत अंतर किती, आणि पाण्यात फरक किती. सगळ्या जोड्यांचे ठिपके मांडले, की ते डावीकडून उजवीकडे चढत जातात आणि एका उंचीवर सपाट होतात. जवळचे सारखे, लांबचे परके. त्या ठिपक्यांतून जी रेघ ओढायची, ते व्हेरिओग्रामचं मॉडेल. सगळा नकाशा तिच्या जिवावर उभा असतो.

गोम आहे ती रेघेच्या सुरुवातीला. अंतर शून्य तर फरकही शून्य, असं आपल्याला वाटतं. पण एका भिंतीला टेकलेल्या दोन घरांच्या पाण्यातही फरक निघतो. एक विहीर उथळ असते, एक बोअर खोल खडकात गेलेली असते. या शून्य अंतरावरच्या फरकाला नगेट म्हणतात. सोन्याच्या खाणीतला शब्द आहे. एका टोपलीत सोन्याचा खडा लागतो, शेजारच्या टोपलीत नुसती माती. नगेट मोठा धरला, की नकाशा म्हणतो, मला शेजाऱ्याचं सांगता येत नाही, जाऊन बघा. शून्य धरला, की छाती ठोकून सांगतो, इथलं चांगलं म्हणजे शेजारचंही चांगलं.

तर उरलेल्या दोन्ही स्थळांची परीक्षा एकाच गावावर घ्यायची ठरली, आणि यामिनीनं गाव सुचवलं तिचं स्वतःचं, मोहटोला. तिथले नमुने नुकतेच आले होते, गावातल्याच माणसांनी भरलेले; अशा माणसांना मंडळ जलदूत म्हणे. खालच्या मोहल्ल्याचे कुण्या एका बाईंनी भरलेले. वरच्या मोहल्ल्याचे यामिनीच्या वडिलांनी, दौलतराव ढोबळ्यांनी. दौलतराव निवृत्त पोस्टमन. गावात अजून त्यांना डाकबाबूच म्हणत. पत्ता पावसात धुऊन गेला तरी नुसत्या अक्षराच्या वळणावरून त्यांनी पत्र पोचवलेलं, अशी ख्याती. लेकीनं बाटल्या आणि नावांच्या चिठ्ठ्या पाठवल्या, तेव्हा त्यांनी ट्रंकेतली खाकी पिशवी पुन्हा बाहेर काढली होती.

सुरेखानं मोहटोल्याची रेघ ओढली. काय रेघ होती. शून्यातून निघाली, अलगद चढली आणि रांगोळी ओढल्यासारखी सपाट झाली. नगेट नाहीच. खोब्रागडे साहेब, म्हणजे यामिनीचे वरिष्ठ, खुर्चीतून उठून पाहायला आले.

मामंजींनी रेघ ओढलीच नाही. करड्या पडद्यावर एवढंच आलं: वरच्या मोहल्ल्यातल्या नमुन्यांत काहीच फरक नाही. दोन विहिरींत जरा तरी फरक असतोच. नमुने पुन्हा घ्यावेत.

यामिनीची कानशिलं तापली. बाबांच्या बाटल्यांवर संशय. तिनं 'दुर्लक्ष करा' दाबलं. मामंजींनी पुन्हा विचारलं, नक्की? तिनं पुन्हा दाबलं. मग कचेरीतला तो संगणक बंद होऊन कपाटात गेला, आणि सुरेखा मंडळाची सून झाली.

पुढची काही वर्षं सुरेखाचं राज्य होतं. प्रत्येक हातपंपाला एक कुलूप आणि एक दिवा बसला. नकाशा म्हणाला वाईट, की लाल दिवा, कुलूप बंद, आणि त्या मोहल्ल्याला गाळलेल्या पाण्याचं एटीएम. नकाशा म्हणाला चांगलं, की हिरवा दिवा आणि पुन्हा तपासणीची कटकट नाही. सुरेखा शिकत जाणारी होती. साहेबांना काय आवडतं ते तिनं मोहटोल्यावरच शिकून घेतलं होतं. जवळचे सारखे असतात, ही तिची पहिली समजूत, आणि तीच घेऊन ती गावोगाव गेली. आता ती सगळ्या राज्यात लागायची होती. सोमवारी सह्या होत्या. यामिनीचा सत्कारही होता.

त्याआधी पोळा आला म्हणून ती गावी आली.

तान्हा पोळा तुम्ही पाहिलाय की नाही ठाऊक नाही. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरंटोरं लाकडी नंदीबैल सजवून आणतात. मोहटोल्यात एक बैल एवढा मोठा होता, की त्याला ओढायला खरे बैल लावावे लागले, असं दौलतराव सांगत. तर देवळापुढे पोरांची रांग लागली. वरच्या मोहल्ल्याची एका बाजूला, खालच्या मोहल्ल्याची दुसऱ्या बाजूला. यामिनीला बक्षीस वाटायला बोलावलं होतं.

"हसा रे," फोटो काढणारा म्हणाला.

खालच्या मोहल्ल्याची पोरं तोंड भरून हसली. तिकडं सगळीकडं लाल दिवे होते, एटीएमचं पाणी होतं, आणि दात कापसासारखे पांढरे. वरच्या मोहल्ल्याची पोरंही हसली, पण ओठ मिटून. एकजात सगळी. शेजारच्या चंद्रभागाकाकूंची नात मिताली तर बैलाची दोरी सोडून दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी.

"हात काढ ना गं," फोटोवाला म्हणाला.

"तिचे दात सडके हायेत," खालच्या मोहल्ल्यातलं कुणीतरी ओरडलं.

मितालीनं त्याच्याकडं वळून काहीतरी सुनावलं, आणि तेव्हा यामिनीला ते दिसले. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे. शिकताना पुस्तकात पाहिलेले होते तसेच. तिच्या हातातलं बक्षिसाचं स्टीलचं ताट खाली पडलं, आणि सगळ्यांना वाटलं, उन्हानं चक्कर आली.

घरी येऊन तिनं मामंजींना उठवलं; कचेरीतल्या संगणकावरून त्यांची सगळ्या नोंदींसकट नक्कल तिच्या जुन्या लॅपटॉपवर उतरवलेली होती. मोहटोल्याचे आकडे घातले. मामंजी काही विसरत नाहीत. त्यांनी तेच म्हटलं: काहीच फरक नाही, नमुने पुन्हा घ्यावेत. आणि खाली बारीक अक्षरात: आपण यापूर्वी दुर्लक्ष केले आहे.

दौलतराव बाजेवर बसून सुपारी कातरत होते. गुडघे दोन उशांवर ठेवलेले.

"बाबा, त्या बाटल्या तुम्ही कुठून भरल्या होत्या?"

"कोनत्या? तुह्या कामाच्या?"

"हो. मोहल्ल्यातल्या."

"चिठ्ठीवर नाव होतं ना जेचं तेचं."

"सगळ्या त्याच पंपावरून?"

अडकित्ता थांबला. दौलतरावांनी सुपारीचे तुकडे एका बाजूला सरकवले, मग दुसऱ्या बाजूला सरकवले.

"आपल्या विहिरीतून भरल्या," ते म्हणाले. "गुडघे इतके सुजले होते ना तवा. म्हनलं, पानी ते पानीच, एकाच जमिनीतलं. चिठ्ठ्या मात्र बरोबर लावल्या मी. एकाचं नाव दुसऱ्याले नाही लागू देलं."

पाकिटांवरचे पत्ते सगळे बरोबर, आणि आत सगळ्यांना एकच पत्र. ढोबळ्यांची विहीर जुनी, उथळ, गोड पाण्याची. बाकीच्यांचे पंप खोल खडकातले.

"तू म्हनलं असतं पुन्हा घ्या, तर घेतले असते, पोरी. सरकत सरकत गेलो असतो."

"मला सांगितलं होतं पुन्हा घ्यायला. मामंजींनी."

"कोन मामंजी?" दौलतराव दचकले. "तुह्यं लगन झालं का? मले सांगतलं बी नाही?"

एरवी ती हसून लोळली असती. आत्ता तिला वर बघवेना. कारण तिला आठवलं. त्याच आठवड्यात बाबांनी फोनवर सांगितलं होतं, भिंत धरल्याशिवाय न्हाणीघरात जाता येत नाही म्हणून. आणि दोन दिवसांत सगळ्या मोहल्ल्याच्या बाटल्या भरून आल्या होत्या. दोन्ही गोष्टी तिला ठाऊक होत्या. दोन्हींची जोडी तिनं लावली नव्हती. जोड्या लावण्याचा तर तिला पगार मिळत होता.

ती मागच्या ओसरीवर गेली आणि तिनं खोब्रागडे साहेबांना फोन लावला.

"सर, मोहटोल्याच्या वरच्या मोहल्ल्याचे नमुने चुकीचे आहेत. परीक्षेचे. नगेट शून्य आला तो त्यामुळे. सुरेखा जे काही शिकली, ते त्यावर शिकली."

"यामिनी, सोमवारी सह्या आहेत."

"म्हणूनच सांगतेय."

"कुणी घेतले होते नमुने?"

आता बघा, इथे एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठांवर आला होता.

"एक जलदूत होते," ती म्हणाली.

"होते म्हणजे? त्यांचा जबाब घ्यावा लागेल."

"ते आता नाहीत, सर."

पलीकडून सुस्कारा ऐकू आला. हळहळीचा नव्हता तो, सुटकेचा होता. "मग प्रश्नच मिटला. गेलेल्या माणसाला काय विचारणार? तो एक मोहल्ला दुरुस्त करून टाक, बाकी राज्य चालू दे. गावात कुणाला बोलू नकोस."

"पण सर, बाकीची गावं..."

"सत्काराला साडी नेस," साहेब म्हणाले. फोन बंद झाला.

ती वळली तर दारात दौलतराव उभे. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात तिच्यासाठी आणलेला चहा. निम्मा बशीत सांडलेला.

"चहा घे," ते म्हणाले. "थंडा होऊन रायला." कप त्यांनी कोनाड्यात ठेवला. मग हळूच म्हणाले, "गेलो वाटते मी."

"बाबा, तुम्हाला कुणी बोलू नये म्हणून..."

"हो. समजलं मले."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा खांद्यावर खाकी पिशवी होती, आणि पिशवीत घरात होत्या नव्हत्या तेवढ्या रिकाम्या बाटल्या. काठी घेतली आणि अंगणातून निघाले.

चंद्रभागाकाकूंचं घर भिंतीला भिंत लागून. या अंगणातून फोडणी दिली तर त्या अंगणात ठसका लागावा. पण दार पलीकडच्या बोळात, वळसा घालून जायचं. दौलतरावांना तो वळसा संपेना. यामिनीनं आधाराला हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही.

चंद्रभागाकाकू पंपाशेजारी बसून शेंगा सोलत होत्या. पंपावर हिरवा दिवा.

"काऊन भाऊजी, आज पायी पायी? अन् पिशवी बी? सरकारनं पुन्हा नोकरीवर घेतलं का तुमाले?"

"चंद्रभागा," दौलतराव म्हणाले, "तुह्यं एक टपाल माह्याकडून पोचलं नाही."

"कोनतं?"

त्यांनी सांगितलं. उभ्यानंच. गुडघे लटलटत होते, पण बसले नाहीत. काकूंचे हात शेंगा सोलतच राहिले. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे माह्या पंपाचं पानी कोनी तपासलंच नाही?"

"नाही."

"मंग हा हिरवा दिवा कोनं लावला?"

इतका वेळ यामिनी बापाच्या पाठीमागे उभी होती. पोस्टमनच्या मागं मागं येणाऱ्या पोरासारखी. ती पुढं आली.

"तो मी लावला, काकू. बाबांचे गुडघे दुखत होते. मला तर काहीच दुखत नव्हतं. एका प्रोग्रामनं मला सांगितलं होतं, यात काहीतरी चुकलंय, पुन्हा बघा. दोनदा सांगितलं. मी त्याला गप्प केलं."

"काऊन?"

"बाबांनी भरल्या होत्या म्हणून." हेही पुरतं खरं नव्हतं. काकू तिच्याकडं बघत होत्या. "आणि रेघ फार सुंदर आली होती."

काकूंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"रेघ सुंदर आली होती म्हन," त्या म्हणाल्या. तिला नाही, पंपाला म्हणाल्या. आणि पुन्हा एकदा, अगदी हळू, "रेघ सुंदर आली होती."

शिव्या दिल्या असत्या तर यामिनीनं ओंजळीत घेतल्या असत्या. तिनं फोन काढला. तिथंच, पंपाशी उभं राहून, आवाज मोठा करून साहेबांना लावला. बोळात दोन-तीन माणसं थांबली होती.

"सर, मी मघाशी खोटं बोलले. ते जलदूत आहेत. इथं माझ्याजवळ उभे आहेत. माझे वडील आहेत. आणि पुन्हा तपासा असं मला सांगितलं गेलं होतं, ते मीच दाबलं. सुरेखा जिथं जिथं लागली, तिथल्या प्रत्येक हिरव्या दिव्याखालचं पाणी तपासावं लागेल."

साहेब 'यामिनी' वरून 'मॅडम' वर आले.

"मॅडम, हे सोमवारी तुम्हीच सगळ्यांसमोर सांगा. मी सांगणार नाही."

"सांगते," ती म्हणाली.

मग तिनं आपल्या अधिकारात होतं तेवढं केलं. फोनवरून मोहल्ल्यातले सगळे पंप बंद केले. काकूंच्या पंपावरचा हिरवा दिवा विझला, लाल लागला, आणि कुलूप खटकन बसलं. नमुन्यापुरतं ते तिनं उघडलं. दौलतरावांनी बाटली काढली, चिठ्ठी काढली, पेन काढलं.

"नाव सांग, चंद्रभागा."

"नाव माहीत नाही का तुमाले? इतकी वर्षं मनीऑर्डर आनून देत होते ना?"

"माहीत हाय. या खेपेला इचारून लिहितो."

काकूंनी पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट, परक्या माणसाला सांगावं तसं.

मिताली बैल ओढत आली होती. ती सगळं ऐकत उभी होती, हात तोंडावर. हाताआडूनच तिनं विचारलं, "आता माहे दात पांढरे होतीन का?"

सुरेखानं लगेच हो म्हटलं असतं, इतकं गोड की पोरीला खरं वाटावं.

"नाही, मिताली," यामिनी म्हणाली. "पाणी बदललं तरी हे डाग जाणार नाहीत. डॉक्टरकडं काही इलाज असतात, ते बघू. पण जे आलेत ते असेच आलेत."

पोरीनं थोडा विचार केला. "अन् आमच्या बाळाचे?"

"त्याचे पांढरे येतील."

"मंग तो हसन माह्यावर," मिताली म्हणाली, आणि बैल घेऊन घरात गेली.

पुढं अख्खा मोहल्ला होता. यामिनीला वाटलं होतं, सख्ख्या शेजाऱ्याचं दार सगळ्यात जड, पुढची लांबची घरं हळूहळू हलकी जातील. तसं काही झालं नाही. बारापात्र्यांच्या दारात तेवढीच शरम, कोवे मास्तरांच्या दारात तेवढीच, आणि मोहल्ल्याच्या टोकाला, जिथं तिला नावानं ओळखतसुद्धा नव्हते, तिथंही तेवढीच. तिनं मनातल्या मनात ठिपके मांडून पाहिले. रेघ चढतही नव्हती, उतरतही नव्हती. पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत सपाट. नुसता नगेट. मामंजींना दाखवली असती, तर या रेघेला त्यांनी हरकत घेतली नसती.

प्रत्येक दारात दौलतराव आधी आपलं सांगत, मग ती आपलं सांगे. कुणी दार लावून घेतलं. कुणी पाणी प्या म्हटलं, आणि मग स्वतःच जीभ चावली. अर्ध्या वाटेत दौलतरावांनी तिचा हात धरला.

घरी आले तेव्हा पिशवीत एक बाटली उरली होती. दौलतराव विहिरीच्या कट्ट्यावर टेकले. यामिनीनं पोहरा सोडला, बाटली भरली. त्यांनी गुडघ्यावर चिठ्ठी ठेवली आणि स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण पत्त्यासकट, सावकाश.

"तेवढी एक बरोबर पोचली होती," ते म्हणाले.

पोहऱ्यात पाणी उरलं होतं. दोघांच्याही घशाला कोरड पडली होती. तिनं पोहरा त्यांच्यापुढं केला, त्यांनी मान हलवली आणि तिच्याकडं सरकवला. तिनंही प्यायलं नाही. मग भिंतीपलीकडून मितालीचा आवाज आला, तहान लागली म्हणून आजीला सांगणारा, आणि यामिनी पलीकडं पाणी न्यायला हंडा शोधायला उठली.